तार हलवण्यासाठी घेतलेलं इंटरनेट

आमच्या घरी इंटरनेट कशाला घेतलं असं कुणी विचारलं, तर मी सरळ सांगते, तक्रार करायला. नातवाचा अभ्यास, सुनेचं ऑफिस, मालिका, ह्यातलं काही नाही. त्या कंपनीची तार माझ्या गच्चीवरून गेली होती आणि ग्राहक नसलेल्या माणसाची तक्रार ती कंपनी लिहूनच घेत नव्हती. मग झाले ग्राहक. महिन्याला ४९९, वर १८ टक्के जीएसटी, तीन महिन्यांचे एकदम भरले ते १,७६६ रुपये. एवढे मोजल्यावर त्या वस्तूबद्दल चार शब्द लिहायला माझी हरकत नाही. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही. सून म्हणाली, "आई, नाव लिहिलंत तर तार परत आणून बांधतील."

मी राहते नवी मुंबईत, कोपरखैरण्यात, तीन टाकीपासून चालत दहा मिनिटांवर, माथाडींच्या घरांच्या लाईनीत. आमचे हे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायचे. आता गुडघ्यांनी घरी बसवलंय. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची, बारा फूट बाय सव्वीस. माझा सगळा धंदा त्या गच्चीवर. शिवरात्रीपासून मृग लागेपर्यंत वाळवणं करते. कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. गिऱ्हाईक घणसोलीपासून जुईनगरपर्यंत आहे, आणि बहुतेक तेच तेच आहे, त्यामुळे माल जरा इकडचा तिकडे झाला की फोन येतो.

जानेवारीत आम्ही गावी गेलो होतो, पालच्या खंडोबाच्या यात्रेला. आमचं गाव पाटण तालुक्यात, पाल कराड तालुक्यात, दर वर्षीचं जाणं. १७ तारखेला परत आलो. संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला वर गेले, तर कपाळाला काहीतरी सपकन लागलं. काळी तार, करंगळीएवढी जाड. समोरच्या घराच्या कठड्यावरून आली होती, आमच्या गच्चीवरून तिरपी जाऊन पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला दोन वेढे घेतले होते, वर चार प्लास्टिकचे टाय, आणि तिथून मागच्या गल्लीत उतरली होती. नंतर टेपने मोजली. गच्चीच्या लादीपासून ४ फूट १० इंच. माझी उंची ५ फूट १ इंच. बांधणाऱ्याने मला समोर उभं करून माप घेतलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

समोरच्या वहिनींना विचारलं. म्हणाल्या, तीन पोरं आली होती, शिडी होती, घाईत होती, "काकूंना विचारलंय" म्हणाली. कुठल्या काकूंना, ते वहिनींनी विचारलं नाही.

ह्यांनी खुर्चीत बसूनच सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्यांचं ओझं आपल्या टाकीवर. वाराई कोण देणार?" मार्केटबाहेरच्यांना सांगते, वाराई म्हणजे माल चढवा-उतरवायची मजुरी. त्या दिवसापासून घरात तारेचं नाव 'वाराई' पडलं. "आई, वाराईखालून जपून जा," असं सून म्हणायला लागली.

कपाळाला लागली तेव्हा आधी मला घाम फुटला होता, विजेची असली तर? रात्रभर कुणाला वर जाऊ दिलं नाही. सकाळी विजेच्या तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन लावला. दुपारी लाईनमन आला, पन्नाशीचा माणूस, शांत. त्याने तारेला हात लावला नाही. आधी ती कुठून येते आणि कुठे जाते ते डोळ्यांनी पाहिलं, मग म्हणाला, "मावशी, ही आमची नाही. ह्या सेक्टरात आमचं सगळं जमिनीखालून आहे." कोपऱ्यावरचा लोखंडी पिलर दाखवला, त्यातून घरोघर जमिनीखालून केबल गेलेली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथल्या वसाहती बसवल्या तेव्हाच वीज जमिनीखाली घातली, म्हणून आमच्या डोक्यावर विजेच्या तारा नाहीत. मग केबल टीव्हीवाले आले, त्यांच्यामागून नेटवाले, आणि मोकळं ठेवलेलं आभाळ भरून गेलं. तीस वर्षं मी ते रोज बघत होते, पण ते विजेचं नाही हे मला त्या दिवशी कळलं.

जाताना त्याने तीन आकडे सांगितले, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले. विजेची साधी घरगुती दाबाची तार घरावरून न्यायची झाली तर छताच्या सगळ्यात उंच भागापासून अडीच मीटर वर पाहिजे. घराच्या बाजूने जात असेल तर १.२ मीटर लांब. रस्ता ओलांडत असेल तर रस्त्यापासून ५.८ मीटर उंच. म्हटलं, आणि नेटच्या तारेला? तो हसला. "त्यांचं त्यांना विचारा. पण एक सांगतो, नेटची आहे म्हणून बिनधास्त राहू नका. आतून उजेड जातो, वीज नाही, हे खरं. पण ताणासाठी तिच्यात बहुतेक वेळा पोलादी तार असते. पुढे कुठे ती विजेच्या तारेला टेकली असेल, तर वीज इथपर्यंत येईल. आणि वरचं रबर शाबूत असलं की टेस्टरही पेटत नाही, तेव्हा टेस्टर लावून खात्री करायला जाऊ नका. पावसात अशी कुठलीही तार पडलेली दिसली की लांब राहा आणि फोन करा." त्याने तार पुढे तीन घरांपर्यंत जाऊन बघितली, विजेला कुठे टेकलेली नाही असं सांगितलं आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

नुसती कपाळाला लागत राहिली असती तर मी वाकून गेले असते, खरंच. गच्चीवर माझं निम्मं काम वाकूनच असतं. घोळ फेब्रुवारीत झाला.

कुरडईला किती मेहनत असते ते विकत घेणाऱ्याला माहीत नसतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं, चीक शिजवायचा, हात भाजत असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत घालून मोकळं व्हायचं. २१ फेब्रुवारीला पाच किलो गव्हाच्या कुरडया जुन्या सुती साड्यांवर घालून मी खाली चहाला गेले. वीस मिनिटांनी वर आले, तर वाराईवर सात कावळे आणि दोन साळुंक्या ओळीने बसलेल्या.

वाळवणावर कावळा येतो ह्यात नवीन काही नाही. त्याला एक काठी आणि एक नातू पुरतो. पण आजवर कावळा यायचा, चोच मारायचा आणि पळायचा, कारण त्याला वर टेकायला जागा नव्हती. आता त्याला बाक मिळाला. आरामात बसायचा, खाली उतरून एक वेटोळं उचलायचा, परत वर बसून खायचा आणि बसल्या जागी शिटायचा. तारेच्या बरोबर खालची पट्टी, दीड हात रुंद, गच्चीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळी गेली. घरात सगळे माझ्याकडे बघत होते. पुसून, उन्हात कडक करून विकणारे असतील. मी सगळी पट्टी उचलून कचऱ्यात टाकली. दीड किलो तरी माल, किलोला ४०० ने.

मग आम्ही तारेला जुन्या सीडी लटकवल्या. नातवाने काळी पिशवी पिळून तिचा मेलेला कावळा केला आणि तोही टांगला. तिसऱ्या दिवशी खरे कावळे त्याच्या शेजारी बसलेले मी पाहिले.

आता मालक शोधायचा होता. अशा तारेवर दर मीटरला पांढऱ्या अक्षरात काहीतरी छापलेलं असतं. सुनेने मोबाईलवर मोठं करून वाचलं. एका कंपनीचं नाव, '२४ एफ', वर्ष आणि मीटरचा आकडा. मिळाला चोर, असं वाटून आम्ही त्या नावाचा फोन शोधून लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "मॅडम, आम्ही केबल बनवतो. कोण विकत घेऊन कुठे बांधतं ते आम्हाला कसं कळणार?" सोलापूरच्या चादरवाल्याला फोन करून, तुमची चादर आमच्या दोरीवर कुणी वाळत घातली, असं विचारल्यासारखं झालं ते. तुम्ही ही चूक करू नका. तारेवरचं नाव कारखान्याचं असतं. मालकाचं नाव डब्यावर असतं.

तो डबा मी आणि नातवाने रविवारी सकाळी शोधला. नातू पुढे, मी मागे, दोघांच्या माना वर. अकरा घरं, दोन सोनमोहर, एक बंद पडलेला दिव्याचा खांब, मग एक चालू खांब, त्याच्यावर काळा जोडडबा आणि डब्यावर कंपनीचा स्टिकर, फोन नंबरासकट. डब्याखाली तारेचं मोठं वेटोळं टांगलेलं होतं. नातू म्हणाला, "आजी, एवढी तार उरलीय, मग लांबून का नाही नेली?" हा प्रश्न मी पुढे दोन महिने अनेक शिकल्यासवरल्या माणसांना विचारला, उत्तर कुणी दिलं नाही.

फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. ग्राहक क्रमांक टाका. नाही टाकला तर परत पहिल्यापासून. सुनेने कुठलेतरी आकडे दाबत दाबत एका जिवंत मुलापर्यंत पोचवलं, तोवर चौदा मिनिटं झाली होती. तो म्हणाला, ग्राहक क्रमांकाशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. म्हटलं, "बाळा, मी तुमची ग्राहक नाही, तुमची तार माझी भाडेकरू आहे." तो क्षणभर गप्प झाला आणि परत म्हणाला, ग्राहक क्रमांकाशिवाय सिस्टीम पुढे जात नाही. मधल्या काळात एका सरकारी खिडकीवरही अर्ज देऊन आले. रस्त्यावरची असती तर बघितलं असतं, गच्चीवरची म्हणजे तुमची खासगी बाब, असं ऐकून आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन परत आले. ती प्रत पुढे कामाला आली, म्हणून हेलपाटा वाया गेला असं म्हणत नाही.

२८ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला सुनेने नवीन जोडणीचा अर्ज भरला. पावणेएकला मुलगा दारात. पाठीला पिशवी, हातात पांढरी बारीक तार. ह्या कंपनीच्या वेगाबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं. तो काम करत होता तेव्हा त्याला वर नेलं आणि वाराई दाखवली. म्हटलं, आधी ही काढ. तो बिचारा कानकोंडा झाला. "मावशी, मी फक्त घरातल्या जोडणीचा. ही मेन आहे, ह्यावर अर्धा सेक्टर चालतो. तक्रार टाका, दुसरी टीम येते." आणि जाताना मला तो ग्राहक क्रमांक देऊन गेला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मी तो विजेच्या आकड्यांखाली कॅलेंडरवर लिहिला.

ॲपवर तक्रारीचे प्रकार तीन. नेट बंद आहे, नेट हळू आहे, बिलाची अडचण. 'तार कपाळाला लागते' असा प्रकार नाही. 'इतर'सुद्धा नाही. म्हणून 'नेट हळू आहे' निवडलं आणि खाली खरी हकीकत लिहिली, फोटो जोडला. दोन दिवसांनी मुलगा आला, त्याने मोबाईलवर वेग मोजला, शंभर एमबीपीएस वेगाच्या प्लॅनला ९६ आला, आणि तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद. मी वर चल म्हटलं तर म्हणाला, माझ्या कामात फक्त वेग आहे. अशा चार तक्रारी केल्या, ३ मार्च ते २० मार्च. चारही वेळा नेट चांगलं निघालं. तक्रार खोटी पडावी इतकं नेट चांगलं, असा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या वस्तूचा नाही.

ह्याच दिवसांत, ९ मार्चच्या रात्री, मांडवाचे बांबू भरलेला टेम्पो आमच्या लाईनीतून गेला. समोरचं घर आणि आमचं घर ह्यांच्यामध्ये वाराईला झोल पडला होता. बांबू अडकला, ड्रायव्हरला कळलं नाही, तार ताणली गेली, टाकीचा स्टँड चार बोटं सरकला आणि टाकीच्या बुडाचा पाईप सांध्यातून उखडला. पाचशे लिटर पाणी जिन्यावरून खाली. रात्री साडेअकराला आम्ही चौघं आणि समोरच्या वहिनी झाडू घेऊन. तार तुटली नाही. नेटही बंद पडलं नाही, नाहीतर तक्रारीचा योग्य प्रकार तरी मिळाला असता. प्लंबर सकाळी आला, ८५० रुपये घेऊन गेला.

मग भाच्याला बोलावलं. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कळंबोलीला राहतो. माझं पहिलं म्हणणं साधं होतं, आमच्या ह्यांच्याकडे पक्कड आहे, कापून टाकू. तो म्हणाला, "मामी, एवढं करू नका. दुसऱ्याची दूरसंचाराची तार तोडली तर दंड आणि भरपाई तुमच्या अंगावर येईल, आणि अर्ध्या सेक्टरच्या शिव्या वेगळ्या." पण त्याने दुसरी बाजूही दाखवली. २०२३च्या दूरसंचार कायद्यात आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत, खासगी जागेवरून तार न्यायची तर जागामालकाशी बोलून, ठरवून न्यायची असं आहे. आमच्याशी कुणी बोललंच नव्हतं, गावी असताना परस्पर बांधली होती. आणि ट्राय, म्हणजे फोन-नेटच्या कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाने प्रत्येक कंपनीला तक्रारीच्या वर एक अपिलाची पायरी ठेवावी लागते. तक्रारीचं समाधान झालं नाही तर ३० दिवसांत अपील करायचं, पैसे लागत नाहीत, कंपनीने ३९ दिवसांत निकाल द्यायचा. हे कंपनीच्या साईटवर होतं, पण इतक्या खाली आणि इतक्या बारीक अक्षरात की भाचा नसता तर माझ्या हयातीत मला दिसलं नसतं.

२२ मार्चला अपील पाठवलं. भाच्याने कायद्याचं लिहिलं, बाकी मी सांगितलं. चार तक्रारींचे नंबर. टेप धरून उभी असलेली मी आणि कपाळाशी तार, असा फोटो. कावळ्यांचा फोटो. प्लंबरची पावती. शिक्क्याची प्रत. टेम्पोची हकीकत तारीख-वारासकट. भाचा म्हणत होता कावळे काढू या, कायद्यात बसत नाहीत. मी ठेवायला लावले.

निकाल कागदावर आला नाही, माणूस आला. २६ एप्रिलला, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी, सकाळी साडेसातला, एक शिडी, दोन पोरं आणि त्यांचा मुकादम म्हणावा असा एक साठीला टेकलेला माणूस. त्याने अपिलाचा छापील कागद हातात धरला होता आणि दारातूनच विचारलं, "कावळ्यांच्या मावशी आपणच ना?"

पाच तारे मी ह्या माणसाला देते, कंपनी कुठलीही असो. टीव्हीच्या केबलच्या जमान्यापासून ह्या कामात आहे. वर आल्यावर त्याने पहिल्यांदा सीडी काढल्या. "मावशी, ह्या तारेला वजन लटकवायचं नसतं. वाऱ्याने हेलकावे बसतात, आतला दोरा दुखावतो." मग माझ्या खालच्या खोलीतल्या नेटच्या डब्यापाशी मीटर लावून वाचलं, उणे १९. म्हणाला, घरापर्यंत किती उजेड पोचतो त्याचं हे माप, उणे २७च्या खाली गेलं की नेट रडायला लागतं. काम झाल्यावर परत मोजू, तेवढंच आलं पाहिजे.

मी त्याला नातवाचा प्रश्न विचारला. एवढं वेटोळं उरलं होतं, मग लांबून का नाही नेली? त्याने लपवाछपवी केली नाही. रस्ता खणून न्यायची तर परवानगी, पैसे आणि वेळ. खांबाखांबावरून न्यायची तर बंद खांबापाशी लाईन तुटते. पोरांना दिवसाला इतके मीटर असं काम असतं. तुमची गच्ची आडवी होती, सरळ रेषेत होती, आणि तुम्ही घरी नव्हता. हे शेवटचं तो जरा हळू बोलला.

मला वाटत होतं, आता कापणार, जोडणार, दिवस जाणार. तो म्हणाला, कापायची गरजच नाही. आत केसाएवढे चोवीस काचेचे दोरे, एकेका दोऱ्यावर बत्तीस बत्तीस घरं. कापली तर चोवीसही मशीनवर एकेक करून जोडायचे, आणि तोवर सगळ्यांचे फोन मला. वेटोळं ठेवलेलंच असतं त्यासाठी, कधी वाट बदलावी लागली तर. पोरांनी टाय कापले, टाकीचे वेढे सोडवले, तार हातोहात समोरच्या घरावरून, आमच्यावरून उचलून मागच्या गल्लीत घेतली. तिथे भिंतीलगत लोखंडी पाईप रोवून त्यावरून नेली. कोपऱ्यावर वळवताना एका पोराने घाई केली तर हा ओरडला, "एवढं लहान वळण नको रे, उजेड सांडतो!" हे वाक्य आमच्या ह्यांना इतकं आवडलं की ते खुर्ची उचलून मागच्या दारात जाऊन बसले.

गल्लीच्या तोंडाशी मात्र तिला एकदा रस्ता ओलांडावाच लागतो. तिथे मी विचारलं, किती उंच घेताय? म्हणाला, सोळा फूट पुरे. मी म्हटलं, ५.८ मीटर घ्या, म्हणजे एकोणीस फूट. तो चमकला. "मावशी, तो विजेचा नियम." म्हटलं, "असू दे की, आकडा चांगला आहे." त्याने पोरांना एक जास्तीचा पाईप आणायला लावला, बांबू उभा करून मोजून घेतली आणि मला बोलावून दाखवली.

आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात आणखी तीन जुन्या जाड तारा होत्या, टीव्हीच्या काळातल्या. त्यांचंही विचारून घेतलं. त्याने दोन्ही टोकं शोधली, एकही कशाला जोडलेली नव्हती. मेलेल्या म्हणून कापून, गुंडाळून घेऊन गेला. नातू तोवर एका तुटक्या पांढऱ्या तारेच्या टोकात डोळा घालून बघत होता, त्याच्या हातातून ती काढून घेत म्हणाला, "कधी बघायचं नाही. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला लागतो." मग खाली येऊन परत मोजलं. उणे १९. तिघांना पोहे आणि चहा दिला, जाताना पापडांची दोन पाकिटं. पैसे घेतले नाहीत. पाण्याच्या पाईपचं विचारलं तर म्हणाला, ते माझ्या हातात नाही, कागदावर लिहितो.

घड्याळ लावून सांगते, शिडी लावल्यापासून उतरवेपर्यंत पन्नास मिनिटं. १७ जानेवारी ते २६ एप्रिल नव्व्याण्णव दिवस.

आठवड्याने मेसेज आला, झालेल्या गैरसोयीबद्दल एक महिना मोफत. ह्यांनी हिशेब केला. ४९९ वर १८ टक्के म्हणजे ५८९ रुपये धरू, प्लंबर ८५०, कुरडया ६०० च्या. "वाराई कमीच मिळाली," म्हणाले, पण मिळाली ह्याचंच त्यांना समाधान जास्त होतं. चाळीस वर्षं त्यांनी वाराईसाठी भांडणं पाहिलेली.

राहिलं नेट. ते घ्यावं की नाही, हे वाचणाऱ्याला खरं तर तेच हवं असेल. दिवसा ९० च्या वर असतं, रात्री नऊनंतर साठ-पासष्टपर्यंत उतरतं. तीन महिन्यांत एकदाच बंद पडलं, तेही दोन तास. सुनेचं आठवड्यातून दोन दिवस घरून काम सुरू झालं, नातू कार्टून बघतो, मी गिऱ्हाइकांना पापडाचे फोटो पाठवते, ते आता गोल गोल फिरत नाहीत, लगेच जातात. डबा खालच्या खोलीत आहे, त्यामुळे वरच्या खोलीत निम्मं आणि गच्चीवर काहीच नाही. ज्या गच्चीवरून त्यांची अर्ध्या सेक्टरची तार जात होती, तिथे माझा फोन लागत नाही. नेटला चार तारे, तक्रारीच्या सोयीला एक, तोसुद्धा अपिलामुळे.

मोफत महिना धरून २८ जूनला मुदत संपते. सून म्हणते, काम झालं, आता स्वस्तातलं दुसरं बघू. मी भरणार आहे. परवा कोपऱ्यावर वेगळ्याच रंगाच्या टीशर्टातली दोन पोरं खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन समोरच्या वहिनींच्या कठड्याकडे बघत उभी होती. मी वरून हाक मारली, "काय रे, काकूंना विचारलंत का?" तर म्हणाली, "कुठल्या काकूंना?" आणि पुढे गेली.